मंगला जळगावकर यांची तबकडी

गिरगाव, मुंबई
९ ऑक्टोबर १९५६

चि. मंगलास अनेक आशीर्वाद.

गाणं भरून झाल्यावर कोणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, तरातरा निघालीस आणि थेट बऱ्हाणपूरची गाडी धरलीस, हे मला घरी आल्यावर तुझ्या वहिनीकडून कळलं. एवढ्या लांबून मी तुला बोलावली, वादक जमवले, जागा भाड्याने घेतली, त्याचं हे फळ. मावसभाऊ म्हणून मी गिळून घेतो. दुसरा कोणी असता तर फीत पुसून टाकली असती.

गायलीस चांगली, ते मी नाकारत नाही. पण शेवटी काय केलंस ते? तबलजीने बाहेर येऊन नक्कल करून दाखवली. गाणं संपलं, आणि बाईसाहेब ठणकावून म्हणतात, "मी मंगला बऱ्हाणपूरकर!" अगं, हे कुठल्या जमान्यातलं? कर्ण्याच्या बाजाच्या काळात गाणाऱ्या बाया शेवटी नाव सांगत, कारण तबकडी बनवणाऱ्या परदेशी साहेबाला कोण गातंय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. आता तबकडीवर कागद असतो, त्यावर नाव छापतात. आजोबांच्या खरखरत्या तबकड्या ऐकून गाणं शिकलीस, तर ही खोडही उचललीस होय? माझे भागीदार मधुकरराव चहाचा कप हातात धरून हसत होते. ज्यांच्या जोरावर आमची 'नवनाद' कंपनी उभी राहते आहे त्यांच्यासमोर माझी ही शोभा.

असो. नव्या वर्षात आमच्या पहिल्या चार तबकड्या येताहेत. मोठी कंपनी सिनेमाच्या गाण्यांपलीकडे बघत नाही. आम्ही सिनेमाबाहेरचं काढणार. एक पोवाडा, एक लावणी, एक भावगीत आणि तुझं तापीचं गाणं. संक्रांतीच्या आधी दुकानांत दिसतील. माझ्या आईला सांग, तब्येत सांभाळ म्हणावं.

प्रभाकर

*

शनवारा, बऱ्हाणपूर
१६ ऑक्टोबर १९५६

प्रभाकरदादास सा. न.

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद ठेवून घेतले, बाकीचं परत करते.

तबलजीने बाहेर येऊन नक्कल केली असं तूच लिहितोस. म्हणजे तू आत नव्हतास हेही तूच लिहून दिलंस. पहिलं कडवं संपलं आणि काचेपलीकडे तू मधुकररावांच्या खांद्यावर हात टाकून उठलास, ते मी गाता गाता पाहिलं. आणि मला नमस्काराचं शिकवतोस? मी कोणाला नमस्कार करायचा होता, तुझ्या रिकाम्या खुर्चीला?

नवीन काय त्यात म्हणा. गणपतीच्या मेळ्यातही तू असाच होतास. मेळा तुझा, पेटी तुझी, ओरडा तुझा. पण आमचं शेवटचं गाणं सुरू झालं की तू पुढच्या चौकात दुसऱ्या मेळ्याचं काय चाललंय ते बघायला पसार. मी शिकवते त्या शाळेच्या रजिस्टरात मी मंगला चौधरी असेन, पण बऱ्हाणपूरकर हे नाव मला त्या मेळ्यानेच दिलं. ते ज्या वर्षी दिलं त्या वर्षीही शेवटी तू जागेवर नव्हतास.

आता माझी चूक. ती मी मानते. आजोबांच्या बाजावर जेवढ्या बाया ऐकल्या त्या सगळ्यांनी गाणं संपवून आपलं नाव आणि गाव सांगितलं. मला वाटलं, हीच रीत आहे, तबकडीत शिरताना असंच करायचं असतं. मला कोणी सांगितलं नाही की ही रीत माझ्या जन्माआधीच मोडली. आता उठता बसता मला तो तबलजी दिसतो. दादा, ते काप. तुझ्यामाझ्यात काय असेल ते असो, पण ते शब्द तबकडीत जाता कामा नयेत. कौतिकभाऊने आपल्या रेडिओच्या दुकानाबाहेर खडूने पाटी लिहिली आहे, "नये साल में आ रही है, आपल्या मंगलाताईंची तबकडी." येणारा जाणारा विचारतो, कधी? अख्खा शनवारा ती ऐकायला बसेल आणि शेवटी तोंडात पदर घालून हसेल. मला मग शाळेतून घरी कोणत्या रस्त्याने जायचं ते सांग.

मावशी बरी आहे. तू आईला पत्र लिहीत नाहीस, तिला निरोप माझ्या पत्रातून पाठवतोस, हे तिच्याही ध्यानात आलंय.

मंगला

*

गिरगाव, मुंबई
८ नोव्हेंबर १९५६

चि. मंगलास,

दिवाळीमुळे उत्तराला उशीर झाला. तुझ्या टोमण्यांना उत्तर द्यायला मी मोकळा नाही, तेव्हा कामाचं तेवढं.

कापायला सांगितलं आहे. रेकॉर्डिंगवाला म्हातारा मोठा हट्टी. म्हणतो, समोर येऊन बसा, पूर्ण ऐका आणि कात्री कुठे लावायची तिथे बोट ठेवा. मला तेवढाच धंदा नाही. त्याला चिठ्ठी पाठवली, शेवटचे शब्द उडव, संपलं. तेव्हा तू शाळेतून कोणत्याही रस्त्याने घरी जा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक तारखेपासून नकाशा बदलला, हे तुला मी सांगायला नको. नागपूर इकडे आलं आणि बऱ्हाणपूर तिकडेच राहिलं. तुमची राजधानी आता भोपाळ. इथे माणसं संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरली आहेत, घराघरात दुसरा विषय नाही. अशा वेळी मी दुकानदाराच्या हातात काय ठेवू, भोपाळच्या राज्यातली मराठी बाई? परवाच दादरच्या एका दुकानदाराने विचारलं, "बऱ्हाणपूर? तिकडे मराठी बोलतात का हो?" मधुकररावांनाही धास्ती आहे. म्हणून तबकडीच्या कागदावर तुझं नाव "मंगला जळगावकर" असं घातलं आहे.

लगेच भडकू नकोस. जळगाव काय विलायतेत आहे? भुसावळ ओलांडलं की आलं. शेंगा सोलून होत नाहीत तोवर गाडी पोचते. भाषा तीच, भरीत तेच, केळी तीच. गाणं लोकांपर्यंत जाणं महत्त्वाचं. गावाच्या नावाने गाणं गोड होत नाही आणि कडूही होत नाही.

प्रभाकर

*

शनवारा, बऱ्हाणपूर
१३ नोव्हेंबर १९५६

श्री. प्रभाकर यांस,

आपलं पत्र पोचलं.

गावाच्या नावाने गाणं गोड किंवा कडू होत नसेल, तर बऱ्हाणपूरकरने आपलं काय बिघडवलं होतं? राहू द्यायचं होतं.

एक तारखेपासून काय बदललं ते आपण नकाशात पाहिलंत, मी वर्गात पाहते. हजेरी आता हिंदीत. माझं हिंदीशी भांडण नाही. भाजी मी हिंदीत घेते, टांगेवाल्याशी हिंदीत भांडते, आणि कौतिकभाऊ तर एका वाक्यात दोन्ही भाषांना बसवतो. पण परवा भोपाळचे नवे साहेब तपासणीला आले आणि मला म्हणाले, "आप लोग तो मराठी हैं, उधर क्यों नहीं चले जाते?" मी मनात म्हटलं, उधर आमचा दादा आहे, तो आम्हाला ओळखतो. आणि दुसऱ्याच दिवशी आपलं पत्र, की उधर आम्हाला कोणी मराठी समजत नाही. हे म्हणतात तिकडे जा, तुम्ही म्हणता तिकडेच राहा. मग आम्ही काय तापीच्या पाण्यात उभं राहायचं?

मला काय हवं होतं ते स्पष्ट लिहिते, नंतर कळलं नाही म्हणू नका. मला प्रसिद्धी नको होती. एक तबकडी निघणार, तिच्यावर मराठीत आमच्या गावाचं नाव असणार, ती पुण्यात नागपुरात कोणाच्या तरी घरी वाजणार आणि त्या घरातल्यांना कळणार की इथेही माणसं आहेत आणि ती मराठीत गातात. एवढंच. तेवढं एक माझं होतं, ते आपण शेंगांच्या टरफलासारखं गाडीच्या खिडकीतून फेकलंत.

जळगावशी माझं काही वैर नाही. आमच्या शनवाऱ्यातली शोभाताई तिथेच दिली आहे, भली माणसं आहेत. पण मी तिथली नाही. नाव माझं नसेल तर आवाजही नको. तबकडी थांबवा.

मंगला बऱ्हाणपूरकर

*

गिरगाव, मुंबई
३० नोव्हेंबर १९५६

मंगला,

हे आपण-बिपण पुरे. लहानपणी चिंचेवरून भांडण झालं की तू मला असंच "आपण" म्हणायचीस, तेव्हाही मला हसू यायचं.

तबकडी थांबणार नाही. कागद छापून झाले. तू कंपनीला सही करून दिली आहेस, त्यात नाव कसं छापावं हे कंपनीने ठरवायचं असं लिहिलं आहे. वाचलं नव्हतंस, तो दोष माझा नाही. जास्त ताणलंस तर पुढच्या वर्षीच्या यादीत तुला जागा नाही, आणि पुढचं वर्षच कशाला, कधीच नाही. तुझ्यासारख्या गाणाऱ्या मुली इथे प्रत्येक चाळीत आहेत. मी नसतो तर तू शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीत म्हणत म्हातारी झाली असतीस.

नमुन्याची तबकडी आली. काल सुई ठेवली. आवाज खणखणीत. पहिल्या ओळीलाच पसंतीची सही करून टाकली. तुझ्या आवाजाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती, तक्रार आहे ती तोंडाबद्दल.

सोबत नव्या वर्षाच्या तबकड्यांची जाहिरात पाठवतो आहे. आईला वाचून दाखव, खाली माझंही नाव छापलं आहे. तिला बरं वाटेल.

प्रभाकर

*

शनवारा, बऱ्हाणपूर
८ डिसेंबर १९५६

श्री. प्रभाकर यांस,

मावशीला जाहिरात वाचून दाखवली. आपण सांगितलंत म्हणून पूर्ण वाचली, अगदी खालच्या ओळीपर्यंत. "संचालक: श्री. मधुकरराव, मुंबई, व श्री. प्रभाकर, जळगाव."

मावशीने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "मी त जळगावले गाडीतून उतरली बी नाही कधी. मंग हा पोऱ्या तिथं कोनी जन्माले घातला?" हसत म्हणाली, पण त्या दिवशी जेवली नाही.

तर हे असं आहे. मला वाटत होतं की आपण माझं नाव बदललंत ते दुकानदारासाठी. आपण मुंबईत सगळ्यांना सांगून बसला आहात की आपण जळगावचे. आणि मग जळगावच्या माणसाची मावसबहीण बऱ्हाणपूरची कशी चालेल? आपलं खोटं झाकायला माझं नाव वापरलंत. भोपाळच्या साहेबाने मला निदान तोंडावर सांगितलं.

कौतिकभाऊला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पाटी मिटवू का राहू देऊ?" म्हटलं, राहू दे. मी अजून मेले नाही.

पहिल्या ओळीला सही केलीत असं लिहिता. त्यावरून एक विचारणार होते, पण नको. ते शेवटचे शब्द कापले की नाही, हे मी आता विचारत नाही आणि कापा असंही म्हणत नाही. आपल्या पुढच्या पत्राची वाट पाहत नाही.

मंगला

*

गिरगाव, मुंबई
१७ जानेवारी १९५७

मंगला,

रेकॉर्डिंगवाल्या म्हाताऱ्याला काय दिलंस ते खरं सांग.

तबकड्या बाजारात गेल्या आणि दोन दिवसांत पुण्याच्या दुकानदाराचं पत्र आलं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ती बऱ्हाणपूरकर बाईंची तापीची तबकडी द्या." हा कागद बघतो, त्यावर जळगावकर. म्हणतो, नाही आमच्याकडे. गिऱ्हाईक म्हणतं, अहो शेजारी वाजते आहे, बाई स्वतः सांगते आहे! मला वाटलं कोणाची तरी थट्टा. गठ्ठा उघडून तबकडी लावली आणि शेवटी तू. ठणकावून. सगळ्याच्या सगळ्या तबकड्यांत तू!

मधुकररावांनी सगळ्या माणसांसमोर मला विचारलं, "प्रभाकरराव, ही तुमची मावसबहीण ना? ती बऱ्हाणपूरची, मग तुम्ही कुठले?" मी काय सांगणार होतो? तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणाले, जो माणूस गावाबद्दल खोटं बोलतो तो उद्या हिशेबाबद्दल बोलेल. एवढी वर्षं इथे घासून जे उभं केलं ते तू एका श्वासात पाडलंस. सूडच घ्यायचा होता तर असा घ्यायचा?

म्हाताऱ्याला धरलं तर तो उलट माझ्यावरच ओरडला. म्हणे, समोर बसा म्हटलं होतं, बसलात का? चिठ्ठी मला मिळाली, पण चिठ्ठीने फीत कापता येत नाही.

आता ऐक. तबकडी खपते आहे, हे दुर्दैव. दुसरी खेप काढावीच लागेल. पुढच्या आठवड्यात ये आणि शेवट नव्याने भरून दे, नावाशिवाय. आणि मधुकररावांना दोन ओळी लिही की आपलं दोघांचं मूळ जळगावचं, तू फक्त नोकरीपुरती बऱ्हाणपुरात आहेस. एवढं केलंस तर मागचं मी विसरायला तयार आहे. नाही केलंस तर मला बहीण नाही.

प्रभाकर

*

शनवारा, बऱ्हाणपूर
२२ जानेवारी १९५७

प्रभाकरदादा,

मी म्हाताऱ्याला काहीही दिलं नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. तुझ्या माणसांपैकी माझ्याशी नीट बोललेला तेवढा एकच होता. गाण्याआधी त्याने मला पाणी आणून दिलं होतं, हे मात्र खरं.

आमच्याकडे तबकडी कशी आली ते सांगते, तुला तेवढी शिक्षा तरी होऊ दे.

संक्रांतीचं हळदीकुंकू मावशीकडे होतं. कौतिकभाऊ भुसावळहून तबकडी घेऊन आला आणि आपला बाजाही उचलून आणला. पुरुषमाणूस हळदीकुंकवात कसा, म्हणून दारातच उभा राहिला. पन्नास बाया दाटीवाटीने बसलेल्या. आशाबाईंनी मोठ्याने कागद वाचला, "मंगला जळगावकर." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मालूबाई म्हणाली, "का वं, आमची लाज वाटली का तुले?" दादा, तू माझ्याशी जे जे केलंस त्यातलं सगळ्यात वाईट ते हे वाक्य. मी मान खाली घालून तिळगूळ वाटत राहिले.

मग सुई ठेवली. पहिल्यांदा मला माझाच आवाज ओळखू येईना. तिसऱ्या कडव्याला तिळगूळ खाणाऱ्यांची तोंडंही थांबली. आणि मला त्या शेवटाची भीती वाटायला लागली. कापलं असेल तर मी जळगावची होणार होते. कापलं नसेल तर सगळ्या हसणार होत्या. काय व्हावं ते मला कळत नव्हतं, मी ताट घट्ट धरून उभी होते.

शेवटचा सूर मी लांबवला आहे, तो तू ऐकलेला नाहीस. तो सूर खाली उतरत येतो आणि त्याच्यातूनच "मी" निघतो. मध्ये जागाच नाही. कापायचं तर सूर तोडावा लागला असता, म्हणून तो म्हातारा तुला म्हणत होता की समोर बस. तू बसला नाहीस, तेव्हा त्याने गाणं वाचवलं आणि तुझी चिठ्ठी सोडून दिली. सूड वगैरे कोणी घेतला नाही. तू एकदा, फक्त एकदा, कोणाचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं असतंस तर आज जळगावचा प्रभाकर म्हणून सुखाने नांदत असतास.

"मी मंगला बऱ्हाणपूरकर."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, कोणी हसलं नाही. मालूबाई उठली, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मला जवळ ओढलं. दारातून कौतिकभाऊ ओरडला, "सुना? सुना ना सबने?" आणि रडायलाच लागला, एवढा मोठा माणूस. मग तबकडी पुन्हा लावली. पुन्हा लावली. हळदीकुंकू राहिलं बाजूला. दर वेळी नाव आलं की बाया एकदम "हो!" म्हणायच्या, जशी काही बाजाला हजेरी देत होत्या. मला एवढा आनंद आयुष्यात झाला नाही, हे तुला लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

मावशी बाजाजवळ बसून होती. सगळ्या गेल्यावर कर्ण्याकडे बघत म्हणाली, "आता ह्या बाजाले म्हना, माह्या पोऱ्याचं बी नाव सांग." त्याचं उत्तर तुला सुचलं तर तिला पत्र लिही, माझ्या पत्रातून निरोप नको.

मी मुंबईला येत नाही. शेवट पुन्हा भरून देणार नाही. दुसऱ्या खेपेच्या कागदावर माझं नाव बरोबर छाप, नाहीतर पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कोणाकडे गाईन. प्रत्येक चाळीत तुला गाणाऱ्या मुली मिळतात, मलाही कंपनी मिळेल.

आणि मधुकररावांना मी काहीही लिहिणार नाही. त्यांनी तुला विचारलं आहे, तूच सांग. अवघड नाही. गाणं संपल्यावर थोडा श्वास उरतो, तेवढ्यात होतं.

मंगला बऱ्हाणपूरकर